जवळचा माणूस

“तुमच्याबरोबर कोण आलंय?” पुण्याच्या संशोधन केंद्रातल्या राजवाडे मॅडमनी विचारलं.

“मित्र आहे. बाहेर बसलाय.”

“रोजच्या सहवासातला? म्हणजे तुमचं उठणं-बसणं, विसरणं, सगळं माहीत असलेला?”

“मॅडम, माझा चष्मा कुठं ठेवलाय हे मी त्यालाच विचारतो,” मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. त्या खोलीत असली गंमत चालत नसे, कारण तिथं येणारा प्रत्येक जण आपलं डोकं चाललंय या भीतीनंच आलेला असायचा. त्यांनी मदतनीस मुलीला सांगून व्यंकटला शेजारच्या खोलीत बसवलं. दार लागलं. माझ्यासमोर त्यांनी एक भोकाभोकांची पाटी ठेवली आणि वाटीत धातूच्या बारीक खुंट्या. “एकेक खुंटी उचलून भोकात बसवायची. आधी उजव्या हातानं, मग डाव्या. घाई करा, पण घाबरू नका.”

घाबरू नका म्हटल्यावर माणूस हमखास घाबरतो, हे इतक्या शिकलेल्या बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या दोन खुंट्या खाली पडल्या.

मला एचआयव्ही होता. आजही आहे. कसा झाला हे विचारू नका. ज्यांनी ज्यांनी ते विचारलं, त्यांच्यातल्या एकानंही पुढं ‘जेवलास का’ एवढं विचारलं नाही. औषधं सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती, तब्येत ठणठणीत होती, रक्तात विषाणू शोधूनही सापडत नव्हता. मग मी लातूरहून एवढी वाट तुडवून पुण्याला कशाला आलो होतो? तर या आजारात काहींची स्मरणशक्ती मंदावते, हातापायांची चपळाई जाते, त्याचा अभ्यास ही मंडळी करत होती. आणि माझं काहीतरी बिघडलंय, असं मला गेलं वर्षभर वाटत होतं.

मी जीवशास्त्राचा मास्तर. खुंट्या संपल्यावर राहवलं नाही, विचारलंच. “रक्त स्वच्छ असेल तर मेंदूचं बिघडतं कशानं?”

“तेच शोधतोय,” मॅडम म्हणाल्या. “आमचा संशय पांढऱ्या पेशींवर आहे. विषाणू दबला तरी काही जणांच्या पेशी लढाईच्या पवित्र्यातच राहतात. तशाच मेंदूपर्यंत पोचतात आणि तिथल्या पेशींनाही चिथावतात.”

“म्हणजे जनुकं बदलतात?”

“जनुकं तीच. त्यातली कुठली चालू आणि कुठली बंद, ते बदलतं. एरवी विषाणू आल्यावरच चालू व्हावीत अशी जनुकं यांच्या पेशींत कायमची चालू दिसतात. तुमच्या रक्तातून आम्ही तेच बघणार.”

“लग्न लागलं, वऱ्हाड गेलं, आणि मांडवातले दिवे तसेच जळतायत,” मी म्हणालो.

आता मात्र त्या हसल्या. “हे मी वापरलं तर चालेल?”

“वापरा की. पण माझे दिवे जळतायत का, ते मला कळवा.”

“तसं कळवता येत नाही. हे संशोधन आहे, एकेकाचा निकाल देत नाही आम्ही. फार काही वेगळं दिसलं तर मात्र बोलावून सांगू.”

या तपासणीचे तीन भाग होते. एक रक्त, दुसरा ह्या खुंट्या आणि शब्द पाठ करण्याच्या परीक्षा, आणि तिसरा म्हणजे जवळच्या माणसाची साक्ष. ज्याची स्मृती जाते त्याला आपण काय विसरलो तेच कळत नाही, म्हणून त्याच्या माघारी घरच्या माणसाला विचारतात. माझ्या घरी कुणी नव्हतं. आजार कळला त्या महिन्यात बायको उदगीरला माहेरी गेली ती गेलीच. राहिला एक व्यंकट.

व्यंकट बिराजदार आणि मी, आम्ही औसा रोडला क्लास चालवायचो. तेव्हा ‘नीट’ ही परीक्षा यायची होती, सीईटीचा जमाना होता. भौतिकशास्त्र त्याचं, जीवशास्त्र माझं. पोरं म्हणायची, बिराजदार सर घाम काढतात आणि देवणीकर सर पुसतात. माझा आजार त्याला कळला तेव्हा त्यानं पायात चपला सरकवल्या. मला घेऊन कोपऱ्यावरच्या टपरीवर गेला, माझ्या पेल्यातला अर्धा चहा राहिला होता तो माझ्या हातातून घेतला आणि सगळ्यांदेखत पिऊन टाकला. चहातून काही होत नाही हे मी वर्गात शिकवत असे. पण शिकवणं वेगळं आणि पिणं वेगळं. त्या दिवसापासून हा माणूस माझ्यासाठी भावापेक्षा जवळचा झाला.

आणि माझं बिघडलंय हेही त्यानंच मला सांगितलं होतं. कसं, ते सांगतो.

एका रविवारी पालकांची सभा होती. निलंगा, अहमदपूर, चाकूर, कुठून कुठून माणसं आली, आणि क्लासला कुलूप. मी धावतपळत पोचलो तोवर आयाबाया उन्हात पायऱ्यांवर बसलेल्या. व्यंकट उशिरानं आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, “माणिक, सभा पुढच्या रविवारी ढकलल्याचं मी तुला सांगितलं होतं. निरोप द्यायचं तुझ्याकडं होतं.”

“कधी सांगितलंस?”

“परवा. स्टाफरूममध्ये. तू मान हलवलास की लेका.”

मला काही केल्या ते आठवेना. आता निरोगी माणूस अशा वेळी ‘थापा मारू नकोस’ म्हणून मोकळा होतो. मी मात्र ह्या आजाराबद्दल जरा जास्तच वाचलं होतं. मी घरी जाऊन डोक्याला हात लावून बसलो.

मग सराव परीक्षेत दोन आठवडे लागोपाठ तोच पेपर पोरांच्या हातात गेला. “तू काढून ठेवलेला पेपर होता,” व्यंकट म्हणाला. मग एका बॅचला मी दुसरीच वेळ सांगितल्याचं निघालं. मग एकदा मूत्रपिंड शिकवत फळ्यासमोर उभा असताना ‘वृक्काणू’ हा शब्दच मला सुचेना. तो प्रकार तेवढा माझा स्वतःचा होता आणि कुणाही मास्तराचा होतो तसाच होता, पण तोवर मी इतका भेदरलो होतो की त्या एका शब्दानं माझी खात्री पटवली. मला दुसरं काही येत नव्हतं, दुसरं काही उरलंही नव्हतं. फळा, खडू आणि समोरची पोरं एवढाच माझा संसार होता. मी व्यंकटला म्हणालो, “पुण्याला तपासून घेतो. डोकं गेलं असेल तर आपण होऊन खडू खाली ठेवीन. अर्धवट शिकवून पोरांचं वाटोळं करायचं नाही.”

“मी येतो की संगं,” तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून बसला होता. इंदापूर मागं पडलं तेव्हा मी विचारलं, “काय विचारलं रे तुला?”

“हेच. कसा राहतो, काय विसरतो, चिडतो का.”

“आणि तू काय सांगितलंस?”

“खरं ते सांगितलं.” मग त्यानं खिडकीची काच ओढून घेतली. “माणिक, यंदाची बॅच तू घेऊ नको.”

“मॅडम काही बोलल्या का?”

“त्या कशाला बोलतील? पण मी सांगूलालो होतो तेव्हा त्यांचं तोंड बघितलं मी.”

मला तेवढं पुरलं. त्या जूनमध्ये मी खडू खाली ठेवला. जीवशास्त्राला नांदेडहून एक तरुण मास्तर आणला. माझं टेबल पुढच्या खोलीत आलं. प्रवेश घ्यायला येणाऱ्यांना माहिती द्यायची, पंखे बंद करायचे, असली कामं. भिंतीपलीकडं तो नवा मुलगा हृदयाचे कप्पे शिकवायचा आणि फळ्यावर खडू वाजला की माझी बोटं आपोआप टेबलावर हलायची. पालक माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागले. ‘सर, ओळ-ख-लं का मला?’ आजाराचं नाव व्यंकटनं कुणाला सांगितलं नव्हतं, त्याबद्दल मी त्याचा ऋणीच होतो. पण देवणीकर सरांच्या डोक्यावर परिणाम झालाय, हे मात्र गंजगोलाईच्या बाजारापर्यंत पोचलं होतं.

पुढच्या तपासणीला मी एकटाच गेलो. व्यंकटला बॅच होती. परीक्षा झाल्या, रक्त दिलं. महिनाभरानं मॅडमचा फोन आला, पुन्हा या म्हणून, आणि शक्यतो एकटे या. ‘वेगळं काही दिसलं तर बोलावू’ हे त्यांचं वाक्य मला आठवलं. बसमध्ये मी मनाची सगळी तयारी करून घेतली.

मॅडमनी दार लावून घेतलं. “देवणीकर, मी जे विचारणार आहे ते खरं तर मी विचारू नये. पण त्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. तुम्ही चहात साखरेऐवजी मीठ घालून तो तसाच प्यायला होतात का? त्या पहिल्या तपासणीच्या आधी, एकदोनदा?”

मी आठवून बघितलं. “झालं असेल.”

“गंजगोलाईत रस्ता चुकला होता? रोजच्या वाटेवर?”

“असेल मॅडम. मला कळत नाही आता.”

“मुलांसमोर अचानक रडू आलं होतं?”

आता हे मला आठवायला हवं होतं. पण नाही म्हणायची माझी छाती होईना. आपल्याला आठवत नाही म्हणजेच ते झालंय, हा हिशेब माझ्या अंगवळणी पडला होता. “असेल,” मी म्हणालो आणि माझे डोळे भरून आले.

“आणि स्कूटरचं? चावी हातात घेऊन तुम्ही वाहनतळावर उभे होतात, स्कूटर सुरू कशी करायची ते सुचत नव्हतं, शेवटी ढकलत घरी नेलीत.”

“कुणाची स्कूटर?”

“तुमची.”

मी हसायलाच लागलो. “मॅडम, कॉलेजात असताना मित्राच्या लुनावरून मी एका म्हशीवर जाऊन आदळलो, तेव्हापासून दुचाकीच्या हॅन्डलला हात लावलेला नाही. अख्ख्या लातूरला माहीत आहे. मी पायी फिरतो, नाहीतर व्यंकटच्या मागं बसून…”

आणि माझं हसू तिथंच थांबलं.

व्यंकट एका दुपारी घामाघूम होऊन स्कूटर ढकलत क्लासपुढून गेला होता. पेट्रोल संपलं म्हणाला होता. मी क्लासच्या दारातून बघितलं होतं, पंप चार पावलांवर असताना हा उलट दिशेला का निघालाय असं वाटलंही होतं. त्याच्या हातातून हल्ली खडू पडायचा. डावा हात तो खिशातच ठेवायचा. निरोप समारंभात बोलता बोलता हुंदका देऊन रडला होता, आणि आम्ही सगळे म्हणालो होतो, सरांचा काय जीव आहे बघा पोरांवर.

“आता मी तुम्हाला का बोलावलं ते सांगते,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “तुमचं रक्त शांत आहे. तुमच्या भाषेत सांगायचं तर मांडवातले दिवे कधीच विझलेत. दोन्ही वेळच्या परीक्षांत तुम्ही तुमच्या वयाच्या निरोगी माणसांपेक्षा पुढं आहात. आणि जवळच्या माणसानं सांगितलेला माणूस मात्र खूप आजारी आहे. त्यांनी इतके बारकावे सांगितले की ते रचलेले असतील असं मला वाटेना. असा माणूस कुठंतरी आहे, देवणीकर. फक्त तो तुम्ही नाही.”

मी नाव घेणार तोच त्यांनी हात वर केला.

“ते कोण असतील ते मला सांगू नका. पण ते औषधाविना असतील तर त्यांना लवकर कुणाकडं तरी न्या. हे औषधांनी मागं फिरतं. बरंचसं फिरतं. पण थांबून चालत नाही.”

बसमध्ये लातूर येईपर्यंत मी एकेक चूक काढून तपासली. सभेचं कुलूप. पेपर. बॅचची वेळ. प्रत्येक ठिकाणी एकच साक्षीदार होता. मी वेडा नव्हतो, मी नुसता भोळा होतो. आणि खरं सांगतो, डोकं शाबूत असल्याचा आनंद मला त्या सबंध वाटेत एकदाही झाला नाही.

क्लासला पोचलो तेव्हा व्यंकटची बॅच चालू होती. मी मागच्या दारानं आत जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. तो उतारावरून घरंगळणाऱ्या नळकांड्याचं गणित सोडवत होता. सोडवलं, उत्तराखाली रेघ मारली, वळून पोरांकडं बघितलं. मग फळ्याकडं वळला, तेच गणित पुन्हा पहिल्यापासून मांडायला लागला. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, हे आत्ताच झालं.”

व्यंकट थांबला. त्याची मान ताठ झाली. “देवणीकर सर फळा पुसत नाहीत,” तो म्हणाला. “जुनं तसंच राहतं, मग आपला घोटाळा होतो.”

मी त्या फळ्यापाशी जाऊन महिने झाले होते. पण पोरांनी ते खरं मानून टाकलं. दोघातिघांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता, दया होती. मार परवडला असता.

बॅच सुटल्यावर मी स्टाफरूमचं दार आतून लावलं.

“पुण्याला जाऊन आलो,” मी म्हणालो.

“काय म्हणाल्या मॅडम?”

“स्कूटर कुणाची, व्यंकट?”

“काय बोलूलालास?”

“चहात मीठ कुणी घातलं? गोलाईत रस्ता कुणाला सापडेना? त्या खोलीत बसून तू माझं नाव घेऊन कुणाचं सांगत होतास?”

तो खुर्चीत बसला. डावा हात खिशातून काढून त्यानं टेबलावर ठेवला. हात थरथरत होता. तो त्याच्याकडं बघत राहिला.

“हैदराबादला तपासलं होतं,” तो म्हणाला. “तुझ्यानंतर दोन वर्षांनी. नाव दुसरं दिलं होतं.”

“आणि औषध?”

“कुठनं घेऊ? सरकारी दवाखान्याच्या त्या खिडकीपुढं रांगेत उभा राहू? अर्ध्या लातूरची पोरं शिकवलीत मी.”

“मी उभा राहतो त्याच रांगेत. दर महिन्याला.”

“तुझं वेगळं होतं.”

“काय वेगळं होतं?”

“तुझं सगळं होऊन गेलं होतं, माणिक.” हे तो चिडून बोलला नाही, समजावल्यासारखं बोलला. “बायको गेली होती. आजार लागला होता. तुझ्या नावावर आणखी एक गोष्ट गेली तर तुला काय फरक पडणार होता? मला दोन पोरी उजवायच्या आहेत. पहिली चूक झाली, पालक माझ्याकडं बघायला लागले, आणि तू समोर होतास. तोंडातून तुझं नाव गेलं. तू लगेच मान्य केलास. मग सोपंच झालं.”

“आणि पुण्याला? तिथं काय गरज होती?”

“मला जाणून घ्यायचं होतं, हे असं असं होणाऱ्या माणसाचं पुढं काय होतं. त्या बाई सांगतील असं वाटलं. त्यांनी नुसतं ऐकून घेतलं.”

 टेबलावरचं डस्टर उचलून मी भिंतीवर फेकलं. “मला काय फरक पडणार होता? अरे, सगळं जाऊन माझ्याकडं एक फळा राहिला होता. तेवढाच होता! तो तू काढून घेतलास, आणि वर मी तुझे उपकार मानत बसलो. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला उभा चिरला असता. तू केलंस, आता मी कुणाला सांगू?”

तो रडायला लागला. त्या रडण्यात आजार किती आणि पश्चात्ताप किती, ते मला सांगता येणार नाही. “मला वाचीव,” तो म्हणाला. “बरा होऊ दे मला. मग सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो. आजाराचं नाव नाही घेणार, पण त्या चुका माझ्या होत्या एवढं सांगतो. तुझा खडू तुझ्या हातात देतो. पोरींची शपथ.”

मी त्याला पुण्याला नेलं. आता म्हणाल, कशाला नेलंस? दुसरं काय करणार होतो? माणूस डोळ्यांदेखत विझत चालला होता, आणि औषध असतं हे त्या गावात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? त्याच्या बायकोची तपासणी झाली, देवाच्या दयेनं तिला काही नव्हतं. औषधं सुरू झाली. सुरुवातीला त्याला उलट्या व्हायच्या, मी घरी जाऊन ताक पाजायचो. बाहेर सांगायला आम्ही काविळीचं निमित्त केलं. दर खेपेला मी त्याच्या सोबत जायचो, आणि शेजारच्या खोलीत बसून त्याच्याबद्दल जे खरं ते सांगायचो.

मॅडमनी सांगितलं होतं तसंच झालं. आधी हाताचा कंप गेला. मग बोलणं पहिल्यासारखं चुरचुरीत झालं. दिवाळीनंतर तो पुन्हा उभा राहून सलग शिकवायला लागला, पोरांना शिव्या द्यायला लागला. मॅडम म्हणाल्या, यांच्या रक्ताचं चित्र इतकं पालटलंय की आमच्या सगळ्या अभ्यासात असं क्वचित बघायला मिळतं. मी पुढच्या खोलीतल्या टेबलावर बसून वाट बघत होतो.

तुम्हाला वाटेल, हा स्वतःच का नाही वर्गात शिरला. शिरलो होतो. दुसऱ्या दिवशी चार पालक आले, हात जोडून म्हणाले, सर, तुम्ही विश्रांती घ्या. माझं डोकं ठीक आहे, असं मी सांगितलं. त्यावर ते सगळे समजूतदारपणे हसले. असं तर डोकं गेलेला प्रत्येक जण सांगतो. माझी सुटका फक्त व्यंकटच्या जिभेवर होती. खरं काय ते मी सांगायचं तर त्याचा आजार उघडा पाडावा लागला असता, आणि ती गोष्ट माझ्या हातून होणार नव्हती. उघडं पडल्यावर काय होतं ते मी भोगलं होतं.

“सांगतो की,” व्यंकट म्हणायचा. “क्लासचा रौप्यमहोत्सव आहे. जुनी सगळी पोरं येणार. तिथंच सांगतो, म्हणजे एकदाच सगळ्या गावाला कळंल.”

मला ते पटलं. त्या दिवशी मी नवा सदरा घातला. नाट्यगृह गच्च भरलं होतं, मुंबईपासून हैदराबादपर्यंतचे डॉक्टर झालेले विद्यार्थी आले होते. मी पहिल्या रांगेत होतो.

व्यंकट बोलायला उभा राहिला. हातात चिठ्ठी-चपाटी काही नव्हतं. त्यानं पहिल्या बॅचपासून सुरुवात केली. पहिल्या बाकावर कोण बसायचं, त्याच्या शेजारी कोण, अणदूरच्या गुंडेरावनं कुठल्या गणिताला चुकीचं चिन्ह घातलं होतं, चाकूरची मंगल डब्यात काय आणायची, कुणाला किती गुण पडले, कुणाच्या वडिलांनी पेढ्याऐवजी गूळ वाटला. एकही नाव चुकलं नाही. ज्याचं नाव घेईल तो उभा राही आणि सभागृह दणाणून जाई. माझ्या शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “काय स्मरणशक्ती आहे हो!” मलाही अभिमान वाटला. त्याला बरं करण्यात माझाही हात होता.

“आणि आता आमचे देवणीकर सर,” व्यंकट म्हणाला.

मी पाय सावरून बसलो. 

“सरांची तब्येत तुम्ही सगळे जाणता. मधल्या काळात सरांच्या हातून काही चुका झाल्या. पालकांना त्रास झाला. लोक मला म्हणाले, आता यांना घरी बसवा. पण मी म्हणालो, हा माणूस पहिल्या दिवसापासून माझ्या संगं उभा राहिला. याला काही आठवू दे, न आठवू दे, मी याला अंतर देणार नाही. आजही सर रोज क्लासला येऊन बसतात.” त्यानं माझ्याकडं हात केला. “मैत्रीत एवढं तर करावंच लागतं.”

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मागच्या रांगा उभ्या राहिल्या. माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी, दोघंही चांगले शल्यविशारद, मला दोन्ही दंडांना धरलं आणि ‘जपून सर, पायरी आहे’ म्हणत व्यासपीठावर चढवलं. व्यंकटनं माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि मला मिठी मारली. छायाचित्रं निघाली. त्यात मी हसतोय.

कार्यक्रम संपल्यावर पडद्यामागं मी त्याला गाठलं. त्याच्या गळ्यात अजून हार होता. आसपास कुणी नव्हतं.

“व्यंकट,” मी म्हणालो, “तू सांगणार होतास.”

त्यानं सावकाश हार काढला. माझ्याकडं सरळ बघितलं. त्याचे डोळे आता अगदी स्वच्छ झाले होते.

“काय सांगणार होतो रे?” तो म्हणाला. “मला तर काही आठवत नाही.”